तेलाच्या झाकणावरचा हातमोजा

ग्रानोसेन, १२ जानेवारी १९९७

प्रिय सिगवार्ड,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. नाताळात केला, नव्या वर्षाला केला. वाजत राहतो, वाजत राहतो, आणि शेवटी इंगेगेर्द माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेते. तुझी ही वहिनी म्हणते, माणसाला जरा एकटं राहू द्यावं. मी म्हणतो, ऑक्टोबरपासून तो एकटाच आहे की. असो. पत्र तरी उघडशील, कारण बंद पाकीट टेबलावर पडलेलं तुला बघवत नाही, हे गुन्वोरनंच मला सांगितलं होतं. बहिणी भावाला नवऱ्याबद्दल काय काय सांगतात ते तुला कळलं, तर तू पत्रंही उघडणार नाहीस.

काम गाडीचं आहे. गुन्वोरचं दफन झाल्यावर तू तिची लाल गाडी आमच्या अंगणात ठेवून रेल्वेनं गोथेनबर्गला परत गेलास. जाताना म्हणालास, वापर. म्हणून मी वापरतोय. पण गेल्या महिन्यापासून ती आजारी आहे.

सांगतो कशी. ऑइल तपासायची पट्टी, ती डिपस्टिक, आपोआप वर उचलून येते. मी दाबून बसवतो, ती परत वर. अंगणातल्या बर्फावर ऑइलचे काळे ठिपके पडतात. चर्चच्या चढावर पाय जरा जोरात दिला, की मागून निळा धूर निघतो, आणि मग मागची गाडी अंतर ठेवून चालते. ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळसर साय लागलेली, इंगेगेर्दच्या व्हॅनिला सॉससारखी. तिला हे सांगितलं, त्या दिवसापासून सॉस बंद आहे.

गॅरेजवाला बोर्ये बघून गेला. त्याचं म्हणणं: टर्बो गेलाय, रिंगा गेल्यात, त्या पिवळ्या सायीवरून हेड गॅस्केटही गेलंय, म्हणजे कूलंटचं पाणी ऑइलमध्ये शिरतंय. इंजिन भंगार. तो ट्रेलर आणून गाडी घेऊन जायला तयार आहे, सुटे भाग त्याच्या कामाला येतील.

मी आयुष्यभर चर्चचा ऑर्गन वाजवला. भाता कुठे फाटलाय ते मी आवाजावरून सांगेन, पण इंजिनातलं मला काही कळत नाही. तू मात्र तंत्रशाळेत पोरांना इंजिनच शिकवलंस. आणि गाडी तिची आहे, म्हणजे तुझी. तू सांगशील ते करीन. माझ्या मनात काय आहे विचारशील, तर मला ती जाऊ द्यायची नाही. पण माझं मन काही गॅस्केट नाही, की बदलून बसवता येईल.

जेवत जा.

तुझा
एस्किल

•

गोथेनबर्ग, १९ जानेवारी १९९७

प्रिय एस्किल,

तुझे पत्र पोहोचले. फोनसंबंधी क्षमस्व. प्रकृती ठीक आहे. जेवण वेळेवर होते.

गाडीविषयी तू दिलेली लक्षणे स्पष्ट आहेत. त्यांचा अर्थ मी क्रमाने मांडतो, म्हणजे निर्णय कोणत्या आधारावर घेतला ते तुला समजेल.

कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली, ऑइलच्या चेंबरात उतरतच असतो. पिस्टनवरच्या रिंगा त्याला अडवतात, परंतु पूर्णपणे अडवू शकत नाहीत. हा वायू तिथेच साठला तर चेंबरातील दाब वाढतो. म्हणून त्याला एका नळीने बाहेर ओढून, वाटेतल्या डबीत त्यातील ऑइल गाळून, पुन्हा इंजिनातच जाळण्याची योजना केलेली असते. साध्या इंजिनात हे सोपे आहे, कारण इंजिन स्वतःच हवा ओढत असते व त्या ओढीने हा वायूही ओढला जातो. टर्बो असलेल्या इंजिनात अडचण अशी, की टर्बो हवा दाबून भरू लागला की जिथे ओढ होती तिथेच दाब उत्पन्न होतो, आणि वायू उलट दिशेने ढकलला जाईल. म्हणून त्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात, आणि दुसरी वाट टर्बोच्या तोंडाशी नेतात, जिथे टर्बो स्वतः हवा खेचत असतो. गाडी उभी असताना पहिली वाट, जोरात पळताना दुसरी. तू ऑर्गनवादक असल्याने भात्याच्या झडपांवरून हे तुला सहज समजेल.

आता रिंगा झिजल्या, तर वायू इतका उतरतो की दोन्ही वाटा अपुऱ्या पडतात. दाब वाढतो. डिपस्टिक उचलली जाते, सीलमधून ऑइल बाहेर येते. टर्बोला वंगण म्हणून गेलेले ऑइल खाली परतू शकत नाही, ते धुराड्यात शिरते आणि निळा धूर होतो. त्यात हेड गॅस्केटही फुटले असेल, तर दुरुस्तीचा विचार करणे अर्थहीन आहे. बोर्ये यांचे निदान मला सयुक्तिक वाटते.

गाडी त्यांना द्यावी. तिच्यातील कोणतीही वस्तू मला पाठवू नये.

इंगेगेर्दला नमस्कार.

आपला
सिगवार्ड आल्मलोफ

•

ग्रानोसेन, २६ जानेवारी

प्रिय सिगवार्ड आल्मलोफ,

चाळीस वर्षांची ओळख, आणि अजून आडनावासकट सही. गोथेनबर्गमध्ये माझे दुसरे सिगवार्ड असतील अशी तुला शंका आहे का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच मला टर्बो कळला. भात्याला जशी जास्तीची हवा सोडणारी झडप, तसंच. ती चिकटली तर ऑर्गन कसा किंकाळतो ते मी एका लग्नात ऐकलेलं आहे.

ठीक आहे. तू म्हणतोस तर द्यायची. बोर्येला तसं कळवलंय. तो येत्या शुक्रवारी ट्रेलर घेऊन येईल.

फक्त एवढंच सांगायचं होतं, की मी तिला नीट ठेवली. तुला वाटायला नको की थंडीत कुडकुडत ठेवून मारली. इथे उणे पंचवीस, कधी उणे तीस. पण इंजिन गरम ठेवायचा हीटर मी अंगणातही जोडतो आणि चर्चच्या आवारातल्या प्लग असलेल्या खांबालाही जोडतो. रेडिएटरसमोर पुठ्ठासुद्धा लावलाय. चावी फिरवली, की गरमीचा काटा लगेच उठतो. गार इंजिन मी एकदाही चालवलेलं नाही. तू सांगून गेला होतास तशी आठवड्यातून एकदा लांब लिक्सेले शहरापर्यंत फिरवूनही आणतो. कूलंटची पातळी तर रोज बघतो, पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच आहे, बोटभरही खाली गेली नाही. एवढं करून ती गेली, तर माझा इलाज नाही.

इंगेगेर्द म्हणते, उन्हाळ्यात ये. मी म्हणतो, आत्ता ये. दोघांपैकी एकाचं ऐक.

एस्किल

•

गोथेनबर्ग, ३० जानेवारी १९९७
तातडीचे टपाल

प्रिय एस्किल,

गाडी देऊ नकोस. ट्रेलर आला असेल तर त्यावरून उतरवून घे.

माझे निदान चुकले असण्याची शक्यता आहे. चूक तुझ्या माहितीतील नव्हे, माझ्या तर्कातील आहे. कूलंट बोटभरही कमी झालेले नाही, हे वाक्य मी काल जेवताना पुन्हा वाचले व जेवण तसेच ठेवून टेबलावरून उठलो. कूलंट कमी होत नसेल, तर ते ऑइलमध्ये शिरत नाही. मग झाकणाखालच्या पिवळ्या सायीतले पाणी येते कुठून?

ते इंजिनाच्या जळक्या वायूतूनच येते. पेट्रोल जळले की वाफ निर्माण होतेच. ऑइल चांगले तापले तर ती वाफ त्या नळीवाटे निघून जाते. ऑइल तापलेच नाही, तर वाफ आतल्या आत पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, आणि तिची साय होते. उणे पंचवीसमध्ये हेच पाणी बाहेर पडण्याच्या नळीत जाऊन गोठते. नळीत बर्फ झाला, की दोन्ही वाटा बंद. त्यानंतर डिपस्टिक, ठिपके, निळा धूर, सर्व काही जसेच्या तसे घडेल, आणि रिंगा मात्र पूर्ण निरोगी असतील.

शिवाय गुन्वोर ही गाडी कशी चालवीत असे ते तुला माहीत आहे. दर उन्हाळ्यात इथून तुमच्या गावापर्यंत, हजार किलोमीटरहून अधिक, एका दमात. मी शेजारी बसून वेगाबद्दल सूचना करीत असे व ती रेडिओचा आवाज वाढवीत असे. अशा रीतीने चाललेल्या इंजिनाच्या रिंगा इतक्या लवकर झिजत नाहीत. हे मला पहिल्याच पत्राच्या वेळी आठवायला हवे होते.

आता तू एवढे कर. एखादा पातळ रबरी हातमोजा घे. गाडी सुरू करून एका जागी चालू ठेव, ऑइल भरण्याचे झाकण काढ आणि त्या तोंडावर हातमोजा ताणून रबरबँडने घट्ट बांध. निरोगी इंजिन हातमोजा हळूच आत ओढून घेते. तो फुगून उभा राहिला, तर आत दाब आहे. तो दाब रिंगांमुळे आहे की बर्फामुळे, हे ठरवण्यासाठी गाडी एक रात्र कुठेतरी उबदार जागेत ठेव, आणि सकाळी पुन्हा तेच कर. रिंगा उबेने सुधारत नाहीत. बर्फ वितळतो.

एक प्रश्न उरतो. हीटर जोडल्याने काटा उठतो, परंतु तो काटा कूलंटचा आहे, ऑइलचा नव्हे. ऑइल तापण्यास बराच वेळ सलग चालणे आवश्यक असते. तू लिहितोस की दर आठवड्याला लिक्सेलेला जातोस. त्या रस्त्यावर ऑइल नक्की तापते, आणि तसे असते तर ही साय जमलीच नसती. म्हणून विचारतो, आणि कृपया सरळ उत्तर दे: गाडी प्रत्यक्षात कुठे जाते?

सिगवार्ड आल्मलोफ

•

ग्रानोसेन, ९ फेब्रुवारी

प्रिय सिगवार्ड,

सविस्तर ऐक, कारण हे सगळं तू बघायला हवं होतंस.

तुझं पत्र आणि बोर्येचा ट्रेलर एकाच वेळी आले. ट्रेलर अंगणात वळत होता, त्याच्या मागून टपालाची गाडी. मी पत्र हातात घेऊन ट्रेलरच्या आडवा उभा राहिलो. बोर्येनं काच खाली केली आणि शांतपणे विचारलं, की मला चेंगरून घ्यायचंय की कॉफी पाजायचीय. आत बसून मी त्याला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं दालचिनीचे दोन बन संपवले आणि मग म्हणाला, "म्हणजे प्राध्यापक हजार किलोमीटरवरून नाडी बघणार, आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून बघितलं ते खोटं?"

इंगेगेर्द म्हणाली, "खोटं-खरं हातमोजा सांगेल. तू आधी हात पूस."

हातमोजा तिनंच दिला. केस रंगवायच्या पाकिटातला. ही गोष्ट मी तुला सांगितली हे तिला कळता कामा नये. गावाला वाटतं, तिचे केस अजून मूळचेच काळे आहेत.

गाडी सुरू केली, झाकण काढलं, हातमोजा बांधला. पहिल्यांदा तो नुसता थरथरला. मग अंगठा उठला, मग एकेक बोट, आणि पाची बोटं ताठ होऊन तो हात इंजिनाच्या धक्क्यानं डावीकडे-उजवीकडे हलायला लागला. बोर्ये म्हणाला, "बघ. टाटा करतेय." नंतर त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं टोपी काढली आणि उगीचच झटकून पुन्हा घातली.

आता उबदार जागा कुठली? माझं गॅरेज म्हणजे चार फळ्या. मग बोर्येच म्हणाला, की अग्निशमन दलाच्या शेडमध्ये ठेवू, बंबातलं पाणी गोठू नये म्हणून तिथे सतत हीटिंग असतं. तो तिथला स्वयंसेवक आहे, किल्ली त्याच्याकडेच. ज्या ट्रेलरवरून ती भंगारात जायची होती, त्याच ट्रेलरवरून आम्ही तिला बंबाशेजारी नेऊन उभी केली. बोर्येनं एक अट घातली. सकाळी हात पुन्हा उभा राहिला, तर ती तिथूनच त्याच्या गॅरेजला जाईल आणि मी मध्ये तोंड घालायचं नाही. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या रात्री इंगेगेर्द म्हणाली, मी झोपेत ऑर्गनची पेडलं मारत होतो.

सकाळी गेलो. गाडीखाली पाण्याचं थारोळं. बोर्येनं सुरू केली, मी हातमोजा बांधला. सिगवार्ड, तो पडूनच राहिला. जरा वेळानं तळवा मध्ये खचला. मग बोटं एकामागून एक आत ओढली जायला लागली, एखाद्यानं खिशात हात घालावा तशी. शेवटी करंगळी तेवढी बाहेर राहिली. बोर्ये बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "प्राध्यापकाला लिही, टर्बोचं माझं चुकलं. रिंगांचं नंतर बघू." त्याच्याकडून एवढं म्हणजे तोफांची सलामी समज. नंतर त्यानं ती नळी काढली, तर आतून सॉस आणि बर्फाचे खडे पडले. मागचं एक सील दाबानं जरासं बाहेर आलं होतं, ते त्यानं परत ठोकून बसवलं. ट्रेलर रिकामाच घेऊन गेला.

आता तुझा प्रश्न. सरळ उत्तर मागितलंस, सरळ देतो. मी लिक्सेलेला जात नाही. एकदाही गेलो नाही. गाडी घरापासून चर्चच्या दफनभूमीपर्यंत जाते आणि परत येते. दोन किलोमीटर असेल नसेल.

तिच्या कबरीवर कंदील आहे. आत लावायची मेणबत्ती तशी दोन-तीन दिवस चालते, रोज जायची गरज नाही, हे मलाही कळतं. पण दुपारच्या कॉफीला तिचा फोन यायचा, किंवा मी करायचो. कितीतरी वर्षं. काही विशेष बोलायचो नाही. हवा कशी, कुणाचं काय, तू काय दुरुस्त करायला घेतलंस आणि काय मोडून ठेवलंस. आता त्या वेळेला घरात बसवत नाही. म्हणून थर्मास घेऊन तिकडे जातो, बर्फ झाडतो, कंदील लावतो, एक कप पितो आणि परत येतो. तिच्या गाडीतून गेलो, की सीटवर अजून तिच्या त्या लिंबाच्या क्रीमचा वास येतो. बस, एवढंच.

तुला लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं मी टोचतोय, की मी रोज जातो आणि तू एकदाही आला नाहीस. टोचत नव्हतो. लिक्सेलेचं लिहून टाकलं, कारण ते तुला आवडलं असतं. मला काय माहीत, की इंजिन चुगली करेल.

एस्किल

•

गोथेनबर्ग, २३ फेब्रुवारी १९९७

प्रिय एस्किल,

उत्तरास विलंब झाला. तुझे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडे होते, व मी जाता-येता ते वाचीत होतो.

प्रथम गाडीविषयी. एका वेगळ्या पार्सलने दोन्ही नळ्या, ऑइल गाळणारी डबी व नवी झडप पाठवली आहे. बोर्ये यांना सांग, की जुनी डबी साफ करण्यात वेळ घालवू नये, ती आतून कोंदलेली असणार. नळ्यांना बाहेरून लोकरीची पट्टी गुंडाळावी. ऑइल पूर्ण बदलावे. त्यांना माझे आभार कळव. रिंगांविषयी ते अजून साशंक आहेत हे योग्यच आहे. पुरावा मिळेपर्यंत साशंक राहणारा माणूस मला पसंत आहे.

दुसरे, दफनभूमीत जाणे थांबवू नकोस. फक्त गाडी नेऊ नकोस. तुझ्याकडे ढकलून चालवायची ती बर्फावरची खुर्चीगाडी आहे. गुन्वोर लहानपणी तिच्यावर उतारावरून कशी पडली ते तू दर नाताळात सांगतोस. दोन किलोमीटरला तीच योग्य. तिचे ऑइल गोठत नाही.

आता जे लिहिणे मला कठीण जाते ते.

तू विचारले नाहीस, तरी मी सांगतो की मी फोन का उचलत नाही. दुपारी वाजणारा फोन आमच्या घरी नेहमी तुझाच असे. मी तो कधीच घेत नसे. "गुन्वोर, एस्किल," असे स्वयंपाकघरातून ओरडत असे व पुन्हा माझ्या कामाला लागत असे. अजूनही फोन वाजला, की ओरडण्यासाठी माझे तोंड उघडते. मग ते मिटावे लागते. त्यानंतर रिसीव्हर उचलून सभ्यपणे बोलणे मला जमत नाही.

गाडी तिथे ठेवून आलो त्याचेही कारण हेच. ऑक्टोबरमध्ये मी ती शववाहिकेच्या मागे चालवीत आलो. सगळा रस्ता मी पुढचे दोन लाल दिवे पाहिले, दुसरे काही पाहिले नाही. परत जाताना तो रस्ता पुढे रिकामा दिसणार होता. म्हणून मी रेल्वेचे तिकीट काढले. आणि तुझे पहिले पत्र आले तेव्हा, इंजिन संपले आहे असे कोणीतरी म्हणत आहे याचे मला जवळजवळ बरे वाटले. म्हणून मी पुढे काही विचारले नाही.

तुझा रोजचा कप मला टोचत नाही. तिच्याजवळ कोणीतरी बसते, हे मला या हिवाळ्यात कळलेले पहिले चांगले वर्तमान आहे.

या इंजिनाला लांबचा रस्ता हवा आहे, आणि तो दोन किलोमीटरमध्ये मिळणार नाही. ईस्टरला मी रेल्वेने येतो. आपण तिघे कबरीवर जाऊ. त्यानंतर गाडी दक्षिणेकडे मी नेईन. ठोकून बसवलेले सील टिकते का, ते त्याच वेळी कळेल.

सिगवार्ड आल्मलोफ

•

ग्रानोसेन, ६ मार्च

प्रिय सिगवार्ड,

ये. एवढंच लिहायचं होतं, पण पाकिटाला वजन हवं म्हणून थोडं आणखी.

खुर्चीगाडी माळ्यावरून काढली. पाती गंजली होती, घासून घेतली. पहिल्याच दिवशी चर्चच्या उतारावर माझा ताबा सुटला आणि मी थेट पाद्रीबाईंच्या कुंपणात गेलो. थर्मास वाचला. त्या धावत बाहेर आल्या, तर मी हसत होतो. त्यांना वाटलं डोक्याला लागलंय. खरं म्हणजे मला उतारावरची गुन्वोर दिसली होती, तीही अशीच हसायची, दात पाडून घेऊनसुद्धा.

पार्सल मिळालं, बोर्येनं सगळं बसवलं. तुझ्या लोकरीच्या पट्टीवर तो खूश नव्हता, म्हणून इंगेगेर्दनं जुन्या मोज्यांचे पाय कापून नळ्यांना घातले. आता इंजिन आमच्यापेक्षा उबदार कपड्यांत आहे. ठिपके थांबलेत. ऑइलची पट्टी जागेवर बसून आहे.

तुझी खोली गरम करून ठेवतो. व्हॅनिला सॉस पुन्हा सुरू झालाय.

एस्किल

•

गोथेनबर्ग, ८ एप्रिल १९९७

प्रिय एस्किल,

काल संध्याकाळी सुखरूप पोहोचलो. गाडी खाली रस्त्याच्या कडेला, तिच्या नेहमीच्या जागी उभी आहे. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या. खिडकीतून ती पाहिली तेव्हा काय वाटले, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली, आणि मध्येच थांबल्या. मी म्हणालो, मलाही तसेच वाटते.

प्रवासाचा वृत्तान्त तुला देणे आहे, कारण निम्मे निदान तुझे होते.

पहिले दोन तास मी फार सावकाश चालवली. मागे वाहनांची रांग लागली होती. रस्ता पुढे रिकामा होता, जसा तो असणार हे मला माहीत होते. ते मला वाटले होते तितके वाईट नव्हते, परंतु सोपेही नव्हते. ओर्नशेल्ड्सविकच्या अलीकडे, जिथे चढ सुरू होतो, तिथे लाकडे वाहणारा एक ट्रक पुढे लागला. मी पुढे जाण्यासाठी पाय दाबला. टर्बो शीळ घालीत जागा झाला आणि गाडी अशी उसळली की मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो, "हळू जरा, गुन्वोर." त्यानंतर मी रेडिओ लावला, आणि आवाज वाढवला.

आरशात पाहिले. धूर नव्हता.

सुन्द्सवालच्या पलीकडे पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा इंगेगेर्दने खिशात घातलेला हातमोजा आठवला. (ती म्हणाली होती की हा भांडी घासायचा आहे. मी काही बोललो नाही.) इंजिन पूर्ण तापलेले होते. पंपाच्या बाजूला गाडी चालू ठेवून मी झाकण काढले व हातमोजा बांधला. ओव्हरकोट व टाय घातलेला एक म्हातारा बॉनेट उघडून आत हातमोजा बांधतो आहे, हे पाहून एक कुटुंब सॉसेज खाता-खाता थांबले. त्यांच्यातल्या आईने चौकशी केली की काही मदत हवी आहे का. मी त्यांना समजावून सांगितले. मी बहुधा गरजेपेक्षा जास्त समजावून सांगितले, कारण मुलांचे सॉसेज गार झाले. मात्र हातमोजा आत ओढला गेला तेव्हा सर्वजण बॉनेटभोवती होते, आणि त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलीने बोटे मोजली. पाचही आत गेली. करंगळीसुद्धा. हे बोर्ये यांना अवश्य कळव, आणि रिंगांविषयी त्यांचे मत विचार.

घरी आल्यावर डिपस्टिक तपासली. ऑइल जागेवर आहे. झाकणाखाली साय नाही. सील कोरडे आहे.

आता माझा प्रस्ताव. हे इंजिन एका जागी ठेवले तर पुन्हा आजारी पडेल. त्याला लांबच्या रस्त्याची सवय आहे, व ती मोडणे हिताचे नाही. म्हणून मध्य-उन्हाळ्याच्या सणाला मी गाडी तुमच्याकडे आणीन, पान गळण्याच्या वेळी पुन्हा, आणि पुढेही तसेच. कबरीवरचा तो दुसरा कप, जो तू ईस्टरला माझ्यासाठी ओतलास आणि जो मी संपवू शकलो नाही, तो मी दर खेपेस संपवण्याचा प्रयत्न करीन.

मधल्या काळासाठी एक विनंती आहे. रविवारी दुपारी, कॉफीच्या वेळी, फोन कर. तो वाजल्यावर माझे तोंड उघडेल, ते मला ठाऊक आहे. तू थोडा वेळ वाजू दे. मी उचलीन.

तुझा
सिगवार्ड